मोगऱ्याला पानंच पानं, कळी का नाही? बेळगावातल्या फाल्गुन-चैत्राच्या बागेविषयी

ताई, प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे असं की पुण्याहून बदली होऊन तुम्ही अनगोळला आलाय, घरापुढं १५ बाय २० फुटांची जागा आहे आणि गच्चीवर वीसेक कुंड्या, जानेवारीत आणलेला पेटुनिया वरून फुलतोय आणि खालून वाळत चाललाय, मोगरा हिरवागार पण कळी एक नाही, आणि आता मार्च लागला तर 'स्प्रिंगमध्ये काय काय लावू' याची यादी पाहिजे. यादी देतो, पण ती छोटी असणार आणि उशिरा येणार, कारण आपल्याकडं या दिवसांत लावण्यापेक्षा आवरायचं काम जास्त असतं.

मी गेली ३१ वर्षं रोपं करतो, वडगावच्या बाजूला छोटी नर्सरी आहे. दरवर्षी मार्चमध्ये कोणीतरी मोबाईल दाखवत येतंच की काका हे बघा, स्प्रिंग गार्डन, ह्यात एवढी फुलं आत्ता लावतायत. अहो ते तिकडं बर्फ वितळून जमीन मोकळी होते म्हणून लावतात, त्यांच्या पुढं थंड आणि ओले महिने असतात, आपल्या पुढं काय आहे, एप्रिलात ३५-३६ अंश आणि मग वळीव. आपल्याकडं लावायचे दोन हंगाम, एक मृगाचा आणि दुसरा गणपती-दसऱ्याचा. फाल्गुन-चैत्रात हिवाळी फुलांना निरोप द्यायचा, बी आणि कंद धरून ठेवायचे, आणि मोगऱ्याकडं लक्ष द्यायचं. बाकी सगळं ह्याच्यानंतर.

तर आधी मोगरा, कारण तुमचा खरा त्रास तोच आहे.

मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या टोकाला येते. जुन्या काडीवर नुसतं पान. म्हणजे नवी फूट काढायला लावली नाही तर झाड आपलं आहे त्या पानांवर मजेत बसून राहतं, त्याला काय पडलंय. शेतावर मोगरा करणारे म्हणून आधी पाणी तोडतात. आपल्याकडं थंडी जानेवारीअखेरपर्यंत रेंगाळते, म्हणून मी संक्रांत झाली की जमिनीतल्या झाडाचं पाणी १५ दिवस बंद करतो, कुंडीतल्याचं ६-७ दिवस, पान जरा मान टाकेपर्यंत. मग उरलेली पानं हातानं ओरबाडून काढायची, गुडघ्याएवढं ठेवून वरचं सिकेटरनं, म्हणजे छाटायच्या कात्रीनं, कापायचं, आत मेलेल्या करड्या काड्या असतात त्या बुडातून काढायच्या. आळं उकरून दोन दिवस मुळांना ऊन लागू द्यायचं, मग दोन-तीन ओंजळी कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, थोडी हाडांची पूड, आणि भरपूर पाणी. झाड बघून जीव तुटतो, नुसते खराटे उभे केल्यासारखं दिसतं. पण सहा-सात आठवड्यांत, पाडव्याच्या आगेमागे, कळ्या.

आता तुमचं ते सगळं हुकलंय. तरी बिघडलं नाही, फक्त आता खोल छाटायचं नाही. ही चूक मी केलेली आहे म्हणून सांगतो. नर्सरी नवी होती तेव्हा एका वर्षी चैत्र लागल्यावर जाग आली आणि हजारी मोगऱ्याची सगळी ओळ गुडघ्याखाली उतरवली, फूट जोरात आली, कळ्याही धरल्या, पण फुलायची वेळ आली तेव्हा मृग बरसत होता आणि सगळी फुलं भिजून, तांबडी पडून, झाडावरच कुजली. आई येळ्ळूरची, शेतकऱ्याची लेक, ती एवढंच म्हणाली की झाडाला कॅलेंडर कळतं, तुला कळत नाही. तर तुम्ही आता प्रत्येक फांदीचा शेंडा चार ते सहा इंच उडवा, तेवढ्या भागातली आणि खालची जुनी पानं काढा, आठवडाभर पाणी अगदी बेतानं द्या आणि मग खत-पाणी सुरू करा. एप्रिलच्या शेवटाला फुलं येतील. एक बहर ओसरला की सुकलेल्या झुबक्याच्या खाली दोन पेरं सोडून परत कापायचं, असं केलं तर पाऊस लागेपर्यंत दोन-तीनदा बहर मिळतो.

दुसरी दोन कारणंही बघून घ्या. एक, ऊन. मोगऱ्याला निदान पाच-सहा तास डोक्यावर ऊन पाहिजे, पोर्चच्या सावलीत तो नुसता वेल होऊन लोंबतो. दोन, लाड. शेणखत, वरून युरियाची चिमूट, रोज पाणी, मग पानं येणार नाहीत तर काय येणार? युरिया बंदच करा.

आणि पानं पिवळी पडत असतील तर नीट निरखून बघा. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, असं असलं तर लोह कमी पडतंय, बोअरचं जड पाणी आणि काळी माती असली की हे हमखास होतं. फेरस सल्फेट एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम, संध्याकाळी फवारायचं, महिन्यातून एकदा. खालची जुनी पानं पिवळी होऊन गळत असतील तर मात्र बहुतेक पाणी जास्त होतंय.

कळ्या आल्या की अजून एक गंमत होते, गंमत म्हणजे काय, डोकेदुखीच. काही कळ्या पांढऱ्या राहायच्या सोडून जांभळट होतात आणि न उमलता गळतात. अशी एक कळी घेऊन नखानं उभी चिरा. आत बारीक हिरवट अळी असते आणि काळी भुकटी, आणि बाहेर देठाजवळ टाचणीनं टोचल्यासारखं भोक. ती कळी अळी. दोन-चार कुंड्यांसाठी औषध आणायची गरज नाही, रोज सकाळी जांभळ्या कळ्या तोडून साबणाच्या पाण्यात टाकायच्या, जमिनीवर पडलेल्या पण उचलायच्या, आणि आठवड्यातून एकदा निंबोळी तेल, लिटरला ५ मिली आणि विरघळायला साबणाचे दोन थेंब. जमिनीवरच्या उचलल्या नाहीत तर अळी मातीत कोष करून परत येते, लोक इथंच चुकतात.

कळी तोडायची वेळ पहाटेची, फुगून पांढरी झालेली पण न उमललेली. संध्याकाळी ती घरात उमलते. माठाच्या पाण्यात दोन कळ्या टाकायला आमच्याकडं कोणाला सांगावं लागत नाही, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तर गल्लीतल्या बायका आदल्या दिवशीच कळ्या सांगून ठेवतात.

आता पेटुनिया. तो चाललाय, जाऊ द्या. तुमचं काही चुकलं नाही, त्याचे दिवस संपले. पंधरा दिवस अजून रंग पाहिजे असेल तर अर्धा कापून सावलीला ठेवा, थोडा फुलेल, पण मी तर उपटून खतात टाकतो आणि कुंडी मोकळी करतो. त्याचं बी धरायच्या भानगडीत पडू नका, धुळीसारखं बारीक असतं आणि नर्सरीतली रोपं हायब्रीड असतात, पुढच्या वर्षी आईबापासारखं काही येत नाही. बी धरायचं तर फ्लॉक्सचं, ॲस्टरचं, गॅलार्डियाचं, गावठी झेंडूचं. चांगलं टपोरं फूल झाडावरच पूर्ण वाळू द्यायचं, सकाळचं दव उडाल्यावर खुडायचं, चार दिवस सावलीत कागदावर, मग कागदी पुडीत. प्लॅस्टिकमध्ये नको, घाम धरतं. आणि पुडीवर नाव आणि रंग लिहा, 'लक्षात राहील' असं वाटतं पण राहत नाही, माझ्या कपाटात अजून तीन पुड्या आहेत त्यात काय आहे देवाला ठाऊक.

पेटुनियावरून एक आठवलं. आमच्याकडं निपाणीच्या बाजूला कोणाचे ना कोणाचे नातेवाईक असतातच, आणि ते झाडावर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, दिसला की सांगतात तंबाखूची भुकटी भिजवून मारा, फुकटचं औषध. मावा मरतो, खोटं नाही. पण तंबाखू, पेटुनिया, टोमॅटो, मिरची हे सगळे एकाच कुळातले, आणि तंबाखूच्या वाळक्या पानात मोझॅकचा रोग बरीच वर्षं जिवंत राहू शकतो. मी एकदा पेटुनियाच्या ट्रेवर तो काढा मारला, आणि तीन आठवड्यांनी पानं चितकबरी आणि आकसलेली, सगळा ट्रे जाळावा लागला. शिवाय निकोटीन हे विषच, घरात लहान मुलं, मांजर असेल तर नकोच. माव्याला पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. आणि तंबाखू मळणारा माणूस असेल तर त्याला म्हणावं आधी हात धू, मग झाडाला हात लाव.

कंदांचं काम मात्र ह्याच महिन्यात उरका. डेलियाची पानं सुकली की दोन आठवडे पाणी बंद, मग बाजूनं फावड्यानं उचला, ओढायचं नाही, मान (कंद खोडाला जुळतो ती जागा) मोडते. डेलियाचा डोळा मानेलाच असतो, नुसता रताळ्यासारखा कंद मानेशिवाय ठेवला तर वर्षभर तसाच राहील, फुटणार नाही. कोरड्या वाळूत, थंड खोलीत, ऑक्टोबरपर्यंत. ग्लॅडिओलसचं पण तसंच, फुलानंतर सहा-आठ आठवड्यांनी पानं पिवळी झाली की काढा, मुख्य कंदाभोवती वाटाण्याएवढी पिल्लं असतात ती वेगळी ठेवा. निशिगंधाचं उलट, त्याचे कंद लावायचे, येत्या एप्रिल-मेमध्ये, वीतभर अंतरानं, दोन इंच खोल, पाणी साचणार नाही अशा जागी.

शेवंतीवर थोडं थांबतो, कारण लोक शेवंती फुलून गेली की फेकून देतात, ह्याचं मला फार वाईट वाटतं. फूल संपलं की झाड बुडापासून चार बोटं ठेवून कापा आणि कुंडी सकाळच्या उन्हात ठेवा. पंधरा दिवसांत बुडाभोवती मातीतून हिरवी कोंबं येतात, त्या काश्या. प्रत्येक काशीला स्वतःचं मूळ असतं. एप्रिलच्या शेवटी एकेक वेगळी करून लहान कुंडीत सावलीत लावायची, आणि जूननंतर शेंडा दोन-तीनदा खुडायचा म्हणजे झुडूप भरतं. दसऱ्याआधी कळी धरते. एका कुंडीतून मला सहज दहा-बारा रोपं मिळतात.

गुलाबाची मोठी छाटणी दसऱ्याच्या सुमारास असते, आता नाही, फक्त सुकलेली फुलं आणि कलमाच्या जोडाखालून येणारे रानटी फुटवे काढा. कळ्या कडेनं करपून अर्धवट उघडत असतील तर एक कळी पांढऱ्या कागदावर आपटा, बारीक लांबट किडे पळताना दिसतील, ते फुलकिडे. निंबोळी तेल आणि त्या कळ्या काढून टाकणं, एवढंच. जास्वंदीला पिठ्या ढेकूण लागतो मार्चपासून, कापसासारखा, मुंग्या वर-खाली करत असतील तर तिथं तो आहे समजा, स्पिरिटचा बोळा फिरवा.

आता पाणी. आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही, तुमच्याकडं कसं आहे माहीत नाही, पण उन्हाळ्यात कमीच धरून चाला. कुंड्या थेट गच्चीच्या स्लॅबवर ठेवू नका, दुपारी स्लॅब तापतो आणि खालून मूळ शिजतं, दोन विटांवर ठेवा. प्लॅस्टिकपेक्षा मातीची कुंडी बरी, आणि आपल्याजवळ खानापूर आहे, तिथल्या मातीच्या कामाचं नाव आहे, कौलं तिथली, माठ तिथले. गळका किंवा कड उडालेला माठ स्वस्तात मिळाला तर सोडू नका. जमिनीतल्या दोन झाडांच्या मध्ये गळ्यापर्यंत पुरा, तोंडावर फरशीचा तुकडा, तीन-चार दिवसांनी एकदा भरा, पाणी आपोआप पाझरत राहतं. मोठं भोक असेल तर तेवढं सिमेंटनं बंद करा.

वरून आच्छादन. चिकोडीकडून कोणी येत असेल तर उसाचं पाचट मागवा, नाहीतर झाडाखालचा पालापाचोळा चालतो, दोन-तीन इंच थर, पण खोडापासून चार बोटं लांब. तांबड्या मातीत वाळवी असते, म्हणून पाचटाखाली निंबोळी पेंड भुरभुरा. येळ्ळूरकडं भाताचं तूस मिळतं ते पण चांगलं, फक्त वाऱ्यानं उडतं म्हणून आधी भिजवायचं.

वळवाचं सांगायचं राहिलं. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीनपर्यंत तापतं, मग ढग, वारं, आणि अर्ध्या तासात सगळं आडवं. इथं शिवजयंती तिथीनं, वैशाखात, तेव्हा चित्ररथ आणि वळीव एकाच आठवड्यात येतात असं आम्ही गमतीनं म्हणतो. गारा पण पडतात. मी एका वर्षी झेंडूचे २२ ट्रे उघड्यावर ठेवून मिरवणूक बघायला गेलो, परत आलो तेव्हा पानांची चटणी. तेव्हापासून एप्रिल लागला की शेडनेट ताणलेलंच असतं. तुम्ही उंच रोपांना आधीच बांबू द्या, बेळगावचं जुनं नाव वेणुग्राम, बांबूला तोटा नाही.

आणि ती यादी, घ्या. आता लावायचं तर उन्हात खुश राहणारं लावा, झिनिया, पिवळा कॉसमॉस, गॅलार्डिया, चिनी गुलाब, सूर्यफूल. झिनियाचं बी जागेवरच टाका, उचलून लावलेला त्याला आवडत नाही, सहा-सात आठवड्यांत फूल. चिनी गुलाबाची नुसती काडी खोचली तरी लागते, फक्त पाणी कमी. पांढरा देवचाफा हवा असेल तर आत्ताच फांदी आणा, चीक आठ दिवस सावलीत वाळू द्या आणि मग लावा, ओली लावली की कुजते. सोनचाफा, जाई, जुई मृगावर सोडा, आता खड्डे तेवढे काढून उन्हात तापू द्या.

अबोली लावलीय का? इथल्या कानडी बायका कनकांबर म्हणतात. नसेल तर दोन रोपं घ्याच, अर्धी सावली चालते, वर्षभर फूल. तिच्या वाळलेल्या कणसातल्या शेंगा मार्चमध्ये तपकिरी होतात, त्यातली एक पाण्याच्या वाटीत टाका आणि मुलांना जवळ बसवा, थोड्या वेळात टक्कन फुटते आणि बी उडून भिंतीवर आपटतं. पहिल्या पावसाला झाड हेच करतं, म्हणून रोप नेहमी आईपासून हातभर लांब उगवतं. नातवानं एका दुपारी माझं निम्मं बी असंच उडवलं, आता फरशीच्या फटीतनं अबोली येतीये.

आणि फक्त बागेतच राहू नका. रविवारी खानापूर रोडनं थोडं बाहेर पडा, काटेसावर संपत आलेली असते आणि पळस-पांगारा लाल. बाजारात सुरंगीचे वळेसर, म्हणजे गजरे, दिसले तर किंमत न करता घ्या. ते खालून घाटाखालनं येतात, पहाटे उन्हाआधी कळ्या काढून ओवलेले, हंगाम जेमतेम दीड-दोन महिन्यांचा. सुकल्यावर पण कपाटात ठेवा, कपड्यांना कितीतरी दिवस वास राहतो. सुरंगी घरी लावायचा विचार करू नका, मोठा वृक्ष होतो, आणि १५ बाय २० मध्ये तो मावला तर तुम्ही मावणार नाही.

शेवटचं, तुमच्या जागेत आधीच्या लोकांनी काय काय पुरून ठेवलंय ते माहीत नसेल तर सगळी जमीन आत्ता खणू नका. अनगोळच्या जुन्या घरांच्या कंपाउंडला मे फ्लॉवरचे कंद हमखास असतात, हिवाळ्यात वर काहीच दिसत नाही, मोकळी माती वाटते. दोन-तीन वळीव झाले की एके सकाळी मातीतून ठिपके-ठिपके असलेला जाड देठ वर येतो, पान नाही काही नाही, आणि चार-पाच दिवसांत त्यावर लाल दोऱ्यांचा चेंडू, मुठीपेक्षा मोठा. एप्रिल संपता संपता कंपाउंडच्या कडेनं रोज सकाळी एक चक्कर मारा, टोक दिसलं की शेजारी काडी रोवून ठेवा, नाहीतर पाणी घालायला येणारा माणूस नेमका त्यावरच बादली ठेवतो.